कच्च्या अंजिरांची पुनव

त्या वर्षी थंडी जाता जाईना आणि अंजीर पिकता पिकेना. उन्हाळा निम्मा सरला तरी फांद्यांवरची फळं हिरवीगार, सुपारीसारखी टणक होती. तोडणी नव्हती म्हणून विरळणी चालली होती. दाटीतलं फळ खुडून खाली टाकायचं, म्हणजे मागं राहिलेलं फुगतं. खुडलं की देठातून दुधासारखा चीक टपकतो. तो बोटांच्या बेचक्यात गेला की आधी खाज सुटते, मग आग होते, आणि वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी उलते.

बुटकीच्या दोन्ही हातांची अशी चाळण झाली होती. ती उंचीला बेताची, अंगानं भरलेली, चेहरा ताटलीसारखा गोल. तिचा हात पोचेल तेवढ्या फांद्या ती करायची, वरच्या तिची मैत्रीण करायची. मैत्रिणीला सगळी बाग 'शिडी' म्हणायची, कारण तिला शिडी लागत नसे.

"पुनव पंधरा दिवसांवर आली," शिडी वरून म्हणाली. "आणि फळ बघ. ह्यानं मारलं तर चांदोबाचं कपाळ फुटेल."

बुटकीनं पुढचं फळ खुडलं. चांदोबा म्हणजे तिचाच नवरा होता.

बागेला वर्षातून एकच सुट्टी मिळायची, उन्हाळ्यातल्या पुनवेची. तिला चांदोबाची सुट्टी म्हणत. ती कुणी काढली, कधी काढली, कुणाला ठाऊक नव्हतं. गोल चेहऱ्याच्या एका माणसाचं तोंड खडूनं पांढरं करायचं, वेताच्या कड्यात ते बरोबर बसेल असं त्याला गाडीवर बसवायचं आणि दिवस मावळताना पॅकिंगच्या शेडपासून टेकडीवरच्या पंपघरापर्यंत ओढत न्यायचं. दोन्ही बाजूंनी लोक पिकून फुटलेली अंजिरं मारणार. तोंड डागाळून पांढरं दिसेनासं झालं की कारभारी हात वर करणार, सगळे ओरडणार, "लागला डाग!" मग खाणंपिणं, ढोल, नाच. चांदोबाला डाग लागले की वर्षभर फळाला डाग लागत नाहीत, असं म्हणत. हसायचं, मारायचं, पोटभर खायचं. वर्षातून एकदा बागेतली माणसं कुणाला तरी काहीतरी मारू शकत होती.

बुटकीची पोरगी रांगत होती तेव्हापासून तिचा बाप चांदोबा होता. त्याचं खरं नाव लोक विसरले होते. मुकादमसुद्धा हजेरीला 'चांदोबा' असंच ओरडायचा. ह्या कामाचा एकच मोबदला होता. चांदोबाच्या घराला वरच्या ओळीतली टोकाची खोली मिळायची. फरशी कोरडी, दाराशी नळ, मागं खिडकी. खालची ओळ नाल्याच्या काठी होती. तिथल्या भिंतींना बारा महिने ओल असायची आणि शेडमधलं सडकं पाणी दारावरून वाहायचं.

हिवाळ्यात चांदोबाला ताप आला. ताप गेला, खोकला राहिला. खोकल्यानं त्याला आतून खरवडून काढलं. गाल बसले, हनुवटी निघाली, डोळे खोबणीत गेले. कंपाउंडरनं छातीला नळी लावून सांगितलं होतं, "ओलीपासून सांभाळा. बाकी काही नाही."

म्हातारी, म्हणजे त्याची आई, त्याला रोज सकाळ-संध्याकाळ समोर बसवून भरवायची. स्वतःच्या ताटातलं त्याच्या ताटात ढकलायची.

"आ कर."

"आई, पुरे. मी काय बाजारात न्यायचा बोकड आहे?"

"बोकड बरा. खाल्लेलं अंगाला लावतो."

तो कसाबसा गिळायचा. मग दारामागं जाऊन ओकायचा. पोरगी मुकाट्यानं चुलीतली राख आणून त्यावर टाकायची. म्हातारीला दिसायचं नाही असं सगळे धरून चालायचे. म्हातारी ताट उचलताना म्हणायची, "आज जरा भरल्यासारखा दिसतोय," आणि बुटकी म्हणायची, "हो आत्याबाई."

मग कारभारी गेल्या वर्षीचं वेताचं कडं घेऊन आला. दर वर्षी कडं नव्यानं बांधायचं असायचं, त्याचं माप घ्यायला. तो वाईट माणूस नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडं पाठवायचा. त्यानं चांदोबाला शेडसमोर उकिडवं बसवलं आणि कडं तोंडाभोवती धरलं. कड्यात दोन्ही बाजूंनी हात जाईल एवढी जागा राहिली. बागेतली माणसं जमली होती.

"अरे, हा चंद्र आहे का?" कारभारी म्हणाला. "ही तर अमावास्या झाली."

माणसं हसली. चांदोबाही हसला आणि हसता हसता त्याला ढास लागली. ढास थांबेपर्यंत कारभारी कडं धरून उभा राहिला.

"राग धरू नकोस," तो म्हणाला. "लोक हसायला येतात. तुला बघून कुणाचा हात उचलेल? ह्या वर्षी व्यापारीही येणार आहेत बघायला. गाडीवानाचा भाऊ आहे, चांगला गरगरीत. त्याला बसवतो."

"आणि खोली?" चांदोबानं विचारलं.

"खोली चांदोबाची. माझ्या मनाचं थोडंच आहे?"

बुटकी खुडलेली फळं टोपलीत भरत होती. टोपली तशीच टाकून ती पुढं आली. हात पुसले, गुडघे टेकले आणि नवऱ्याच्या शेजारी बसून कारभाऱ्याच्या हातातलं कडं आपल्या तोंडाभोवती घेतलं. ते असं बसलं जणू तिच्याच मापानं बांधलं होतं.

"मी बसते," ती म्हणाली.

क्षणभर कुणी हसलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "चांदोबी!" आणि शेडचे पत्रे दणाणले.

कारभाऱ्यानं कडं थोडं डावीकडं सरकवलं, उजवीकडं सरकवलं. "बाई बसली तर गर्दी दुप्पट होईल," तो स्वतःशीच म्हणाला. "चालेल."

चांदोबा उठून गेला होता.

घरी तो भिंतीकडं तोंड करून पडला. म्हातारीचं तोंड मात्र सुरू झालं. "बाईमाणसानं गाडीवर बसायचं? आणि गावानं तिला हाणायचं? माझ्या घरात हे बघायचं राहिलं होतं."

"मग नाल्याकाठी जाऊ या, आत्याबाई. तुमच्या लेकाला तिथं निजवू."

म्हातारीनं हातातलं फडकं उगीचच पुन्हा झटकलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चांदोबा अंगणात एक रिकामी पेटी उपडी घालून बसला होता. बायकोला म्हणाला, "बस हिच्यावर."

ती बसली.

"पाठ टेकवायची नाही. टेकवली की मान हलत नाही आणि सगळं नाकावर बसतं. डोळे मिटायचे, पण घट्ट नाही. घट्ट मिटले की भीती दिसते. भीती दिसली की लोकांना चेव येतो."

"आणि हात?"

"हात मांडीखाली. चांदोबाला हात नसतात. काही झालं तरी हात वर आणायचा नाही." तो थोडा थांबला, दम घेतला. "विहिरीच्या वळणावर हनुवटी छातीला लावायची. तिथं गाडीवानाची पोरं उभी असतात. ती देठासकट मारतात."

ती ऐकत होती. इतक्या वर्षांत तो सुट्टीच्या दिवशी टेकडीवरून यायचा, नळाखाली बसायचा, तोंड धुऊन हसत आत यायचा. तिनं पाणी ओतलं होतं, पाठ चोळली होती. हे काहीच तिला ठाऊक नव्हतं.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? पिकलेलं फळ. ते काय लागतं का?" तो म्हणाला. "वास तेवढा डोक्यात राहतो. महिनाभर जेवण जात नाही."

"ह्या वर्षी पिकलेलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

म्हातारी उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डोळ्याला तेल लावा."

"कुणाच्या?"

"फळाच्या, मेल्यांनो! अंजिराच्या बुडाला डोळा असतो ना, त्याला तेलाचा थेंब लावायचा. आठ दिवसांत फुगून लोण्यासारखं होतं. माझी आई करायची. घाईचं गिऱ्हाईक असलं की."

घरात तेलाची एक बाटली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं घर बांधाकडच्या रांगेत गेलं. ती रांग शेवटची, दगडात गेलेली, तिकडं मुकादम फिरकत नसे. काडीला चिंधी गुंडाळायची, तेलात बुडवायची, फळ हळूच वळवायचं आणि बुडाच्या बारीक भोकाला टेकवायची. ना कमी, ना जास्त. जास्त झालं तर फळ काळं पडतं, म्हातारी सांगायची आणि प्रत्येकाच्या मागं उभी राहून बघायची. पोरगी खालच्या फांद्या करायची. चांदोबा चार फळं केली की खोडाला टेकायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उठायचा. वरच्या फांद्यांना शिडी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. येताना ती आपल्या घरचं वाटीभर तेल घेऊन आली होती.

"माझा नवरा विचारत होता, कालवणात तेल का नाही," ती म्हणाली. "म्हटलं, चंद्राला लावलं."

बुटकी खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

सगळी रांग व्हायला चार पहाटा लागल्या. त्या दिवसांत दोन्ही घरांनी कोरडं खाल्लं. पोरगी रोज धावत जाऊन बघून यायची. आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, फुगलंय. मग एक दिवस धापा टाकत आली आणि आपला अंगठा आईच्या गालात रुतवून म्हणाली, "एवढं मऊ!"

खरंच तसं झालं होतं. सगळी बाग हिरवी, आणि बांधाकडची एक रांग जांभळी. फळं देठाशी वाकून लोंबत होती, काहींना चिरा पडून आतलं लाल दिसत होतं. चांदोबानं एक तोडलं, आपल्याच कपाळावर फोडलं आणि बायकोकडं बघितलं. रस नाकावरून ओघळला.

"लागत नाही," तो म्हणाला. "बघ, काही लागत नाही."

सुट्टीच्या आदल्या दिवशी बुटकीला निवडीच्या टेबलाशी बोलावलं. विरळणी थांबवा, आज माल आहे, असं मुकादम म्हणाला. ती शेडमध्ये गेली. टेबलावर पेट्या होत्या, आणि पेट्यांत ती जांभळी फळं. कुठलं कुठल्या फांदीचं तेही तिला सांगता आलं असतं.

कारभारी खुशीत होता. "आख्ख्या बागेत तेवढीच रांग पिकली. नाहीतर उद्या व्यापाऱ्यांना मी काय दाखवलं असतं, धोंडे? डाग नसलेलं वर लाव, फुटलेलं खाली."

"कारभारी, ही आम्ही पिकवली आहेत."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. तेलाचं, चिंधीचं, म्हातारीचं. तो ऐकता ऐकता टेबलावर टेकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"तेल! अरे वा. आणि आम्ही इथं आभाळाकडं बघत बसलो. पुढच्या वर्षी सगळ्या बागेला लावू. म्हातारीला सांग, तिला भेटायला येतो."

"पण उद्या मला काय मारणार?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यानं पेट्यांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, टोपीखाली डोकं खाजवलं.

"मी सांगतो लोकांना," तो म्हणाला. "हळू मारा म्हणून. बाई आहे, त्यांनाही कळतंय." आणि टेबलावरचं एक फुटलेलं फळ उचलून त्यानं तिच्या हातावर ठेवलं. "घे, खा."

दिवसभर ती फळं निवडत होती. प्रत्येक फळ कागदात, डोळा खाली, देठ वर. शिडी समोरच्या बाजूला होती. संध्याकाळी सुटताना शेडच्या दारात राखणदार बायकांची झडती घ्यायचा, रोजच घ्यायचा. त्यानं शिडीच्या एप्रनच्या खिशात हात घातला तेव्हा आत चिखल लागला. तिनं उद्यासाठी मूठभर मऊ फळं कोंबली होती आणि ती तिच्याच मांडीला दाबून फुटली होती.

"एवढी भूक?" राखणदार म्हणाला. बोटं त्यानं तिच्याच बाहीला पुसली. मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका खाली बघत राहिल्या.

सुट्टीच्या दिवशी ऊन उतरल्यावर बुटकीला शेडच्या मागं नेलं आणि खळीत कालवलेली खडूची पूड तिच्या तोंडाला थापली. वाळल्यावर कातडी ताणली. कानात पूड गेली. कड्यात तोंड घालून तिला गाडीवर बसवलं, कडं धरायला पाठीमागं काठ्या बांधल्या. तिनं हात मांडीखाली घेतले.

चांदोबा आला आणि गाडीच्या दांड्या धरलेल्या माणसाला म्हणाला, "सरक."

"तुला जमेल का?"

"सरक म्हटलं ना."

दुसरी दांडी शिडीच्या नवऱ्यानं धरली. दुपारीच चाकांना नवं वंगण भरलेलं होतं. गाडी आवाज न करता निघाली. ढोल वाजू लागला.

पहिल्या वाटेवर कुणीच मारलं नाही. माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, हातात विरळणीची हिरवी फळं होती, आणि सगळे एकमेकांकडं बघत होते. बायका तर मागंच सरल्या. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या रे." बुटकीला मिटल्या डोळ्यांनी वाटलं, असंच होईल. टेकडी येईल आणि संपेल.

पण तोंड पांढरंच राहिलं तर सुट्टी कशी होणार? वर पंपघराशी व्यापारी खुर्च्यांवर बसले होते. जेवणाची पातेली झाकलेली होती. कारभारी पुढं झाला, हसत हसत म्हणाला, "अरे, चांदोबा असाच पाठवता का? हळू मारा, पण मारा," आणि त्यानं एक फळ खालून, हलक्या हातानं टाकलं. ते तिच्या खांद्याला लागून पडलं. लोक हसले. कारभारी वर व्यापाऱ्यांकडं निघून गेला. मग पोरांनी मारली. मग बाप्यांनी. मग ज्या बायका मागं सरल्या होत्या त्यांतल्याही काहींनी.

हिरवं फळ लागतं ते दगडासारखं. कपाळावर ठक, गालाच्या हाडावर ठक. काही फळं फुटायची आणि चीक उडायचा. खडूवर चीक, पांढऱ्यावर पांढरं. कच्च्या फळाला रंग नसतो. जितकं मारत होते तितकं तोंड अधिकच पांढरं दिसत होतं, आणि कारभाऱ्याचा हात खालीच होता. लोकांनाही ते कळेना. कुणीतरी ओरडलं, "लागतच नाही हिला!" आणि तो एक खेळच झाला. नेम धरून मारू लागले.

वळणावर तिनं हनुवटी छातीला लावली. नवऱ्यानं सांगितलं होतं ते सगळं ती करत होती. डोळे हलके मिटलेले, पाठ सुटी, हात मांडीखाली. ओठ फुटून तोंडात रक्त आलं ते तिनं गिळलं. समोर टेकडीमागून पुनवेचा चंद्र वर येत होता, तांबूस, मोठा. तो बघून ढोल जोरात वाजला आणि त्याच वेळी गर्दीतून पोरगी किंचाळली, "आई!"

बुटकीनं डोळे उघडले. तेवढ्यात एक अर्धं फुटलेलं फळ तिच्या उजव्या डोळ्यावर बसलं.

ती ओरडली नाही. पण हात मांडीखालून निघाले आणि तोंडावर गेले, आणि गर्दीला चेव आला.

चांदोबा पुढं बघून ओढत होता. त्याला गाडी मागून हलल्याचं जाणवलं. वळून बघितलं तर कड्यात तोंड नव्हतं, दोन हात होते, आणि त्या हातांवर फळं बसत होती. त्यानं दांडी खाली टाकली. कारभाऱ्याकडं धावत जावं तर टेकडी अजून दूर होती आणि छातीत दम नव्हता. लोकांपुढं हात जोडावेत तर ढोलात ऐकणार कोण? तो गुडघ्यावर बसला, चाकाच्या मधल्या तुंब्यात बोटं घातली आणि ओंजळभर काळं वंगण उपसलं. गाडीवर चढला. एका हातानं त्यानं बायकोचे हात खाली केले आणि दुसऱ्या हातानं तिच्या तोंडाला काळं फासलं. कपाळाला, गालांना, हनुवटीला. डोळा तेवढा वाचवत होता.

"लागला डाग!" तो गर्दीकडं वळून ओरडला. आवाज फाटला. "लागला डाग! बघा, लागला!"

मग हशा फुटला, असा हशा त्या सुट्टीला कधी झाला नव्हता. नवऱ्यानंच बायकोचं तोंड काळं केलं, ही गंमत माणसं पुढं कितीतरी दिवस सांगत राहिली. वर कारभाऱ्यानं हात उंच केला. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं पातेल्यांकडं पळाली.

गाडीशी चौघंच उरली, ती दोघं, पोरगी आणि शिडीचा नवरा. चांदोबा खोकत होता, थुंकीत लाल होतं. "तुला दिसतंय का?" तो विचारत होता. "अगं, दिसतंय का?"

"घरी चला," बुटकी म्हणाली.

वंगण पाण्यानं निघेना. घरात तेलाचा थेंब नव्हता. शिडी चार दारं फिरली आणि वाटीच्या तळाशी थोडंसं घेऊन आली. म्हातारीनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून सुनेचं तोंड पुसलं, बोटानं, कानामागं, भुवयांत. ह्याआधी तिनं सुनेच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. डोळा सुजून बंद झाला होता. कंपाउंडरनं थेंब घातले आणि म्हणाला, "शहरात दाखवा, लगेच." पण शहराला जाणाऱ्या गाडीत आधी व्यापाऱ्यांच्या पेट्या जायच्या होत्या. तिला जागा मिळेपर्यंत दोन दिवस गेले. शहरातल्या डॉक्टरनं दिवा धरून बघितलं आणि चांदोबाला विचारलं, "इतका उशीर का केलात?"

सूज उतरली. गालावरची जळलेली कातडी सुटून खाली नवी, गुलाबी आली. डोळ्यावरचं पांढरं मात्र गेलं नाही. त्या डोळ्यानं तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. निवडीच्या टेबलावरून तिला काढलं, कारण डाव्या डोळ्यानं बघायला तिला मान वळवावी लागे आणि फळावरचे बारीक डाग सुटत. तिला पेट्या धुवायला लावलं. खोली राहिली. कारभाऱ्यानं शब्द पाळला होता.

बाग उशिरा पिकली, पण पिकली. तोडणी संपली. पानं गळायला लागली तेव्हा कारभारी एकदा अंगणातून जाता जाता चांदोबाला म्हणाला, "पुढच्या वर्षीही बाईच बसव. व्यापारी आठवण काढत होते. आणि फळाची काळजी करू नकोस, तेल मी देईन."

"ती बसणार नाही," चांदोबा म्हणाला.

"मग खोली?"

"खोली घ्या."

हे त्यानं आत येऊन सांगितलं. बुटकी भाकऱ्या भाजत होती. तिनं तवा खाली उतरवला आणि उभी राहिली.

"काय म्हणालात त्याला?"

"घ्या म्हटलं. खोली घ्या."

"मला विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? एक डोळा गेला, आता..."

"डोळा माझा गेला!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारची दारं उघडली. "ह्या खोलीपायी गेला. तुमच्या छातीपायी गेला. मी काय हौसेनं बसले होते तिथं? मी मार खाल्ला, तोंड काळं करून घेतलं, आणि तुम्ही जाता जाता त्याला खोली देऊन आलात? असं दिलदार व्हायचं होतं तर आधी का नाही झालात?"

तो म्हणाला, "पुन्हा तुझ्या तोंडाला हात लावायची माझी ताकद नाही."

"मग माझी होती. मी बसले असते." ती खाली बसली, तवा चुलीवर ठेवला. भाकरी करपली होती. ती तिनं उलटली नाही.

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी गाडीवानाच्या भावाची बायको दारात येऊन उभी राहिली, मागं तिची भांडी. तेव्हा सामान हलवलं. शिडी आणि तिचा नवरा मदतीला आले. म्हातारी चालत निघाली. नाल्यावरच्या फळीवर तिला भीती वाटली, तेव्हा बुटकीनं तिचा हात धरला.

खालच्या ओळीतली खोली अंधारी होती. फरशीला शेवाळ, भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत काळा पट्टा. चांदोबा दारात उभा राहून खोकायला लागला. बुटकी आत गेली. तिनं वाकून तळहातानं फरशी चाचपायला सुरुवात केली, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मान उजवीकडं वळवून, एका डोळ्यानं बघत, ती कोपरान् कोपरा फिरली. चुलीशेजारी, दाराच्या मागं, हातभर रुंदीची एक जागा जरा कोरडी निघाली. तिथं तिनं दोन पेट्या फोडून फळ्या अंथरल्या आणि वर त्याचं अंथरूण टाकलं. स्वतःचं आणि पोरीचं तिनं दुसऱ्या भिंतीशी नेलं.

"तिकडं ओल आहे," चांदोबा म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "झोपा आता. बोलू नका माझ्याशी."